साहेबाचा संघ जिंकेपर्यंत

आमचं बिऱ्हाड तेव्हा सिंगापूरला, क्वीन्सटाउन भागात चौदाव्या मजल्यावर होतं. लिफ्ट तेराव्यावर थांबायची, पुढचा एक जिना पिशव्या घेऊन चढायचा. दाराबाहेर लांबलचक सामाईक गॅलरी होती आणि कठड्यापलीकडे नुसतं आभाळ. त्या गॅलरीत जपानचं रेडिओ स्टेशन स्वच्छ लागतं हे ह्यांच्या साहेबाला कळलं, आणि त्या वर्षीच्या माझ्या कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या.

हे जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. खलाशी म्हणून बोटीवर गेले आणि काम शिकत शिकत तिथवर पोचले. साहेब जपानी, पन्नाशीचा, बायकोमुलांना तिकडे ठेवून एकटाच राहणारा. आपल्याकडे क्रिकेट तसं त्यांच्याकडे बेसबॉल, आणि साहेबाच्या गावाचा त्यात एक संघ होता. साहेबाच्या घराभोवती उंच इमारती, तिथे रेडिओ नुसता खरखरायचा. एकदा तो ह्यांना गाडीने घरी सोडायला आला. ह्यांनी भिडेपोटी वर बोलावलं. हातातला रेडिओ त्याने सहज गॅलरीत लावून बघितला, तर आवाज असा आला की जणू सामना खालच्या मैदानात चालला आहे. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी तो आमच्याकडेच.

जपानचं घड्याळ सिंगापूरच्या पुढे एक तास. त्यामुळे कारखाना सुटून ही मंडळी येईपर्यंत सामना अर्धा झालेला असे. कधी सगळा सामना ऐकवत, कधी नुसता बातम्यांत निकाल. साहेब घरात बसत नसे. चपलांच्या मांडणीवर रेडिओ, शेजारी प्लास्टिकचं स्टूल, त्यावर तो. हे दारात. आणि आमच्याकडे रोज जेवायला येणारे दोन फिटर, एक मालवणकडचा, एक गुहागरचा, ते कठड्याला टेकून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. ती खिडकी गॅलरीतच उघडायची, त्यामुळे मला बाहेर यावं लागत नसे आणि सगळं ऐकूही येई. परक्या माणसासमोर बसायची मला सवय नव्हती.

साहेब मासळी आवडीने खाई. तळलेला बांगडा काट्यासकट असा साफ करी की मांजराला काही उरू नये. सोलकढी मात्र त्याने एकदाच तोंडाला लावली.

ऐकून ऐकून मला खेळ समजायला लागला. नऊ डाव. चेंडू कुंपणाबाहेर गेला की रेडिओतला माणूस वेडा झाल्यासारखा ओरडे. प्रत्येक खेळाडू आला की लोक त्याचं वेगळं गाणं वाजवत, तुतारी आणि ढोल. सहा संघ, आणि त्यातला जो पहिला येईल तोच पुढच्या मोठ्या सामन्यांना जाणार, दुसऱ्याला काही नाही. साहेबाचा संघ त्या वर्षी दुसरा होता, कधी एका सामन्याने मागे, कधी दीड. हा अर्धा सामना कुठून येतो ते फिटरांना कळेना. साहेबाने मग काड्यापेटीतल्या काड्या जमिनीवर मांडून दाखवल्या. एक संघ खेळला आणि दुसऱ्याला सुट्टी होती, की अर्धी काडी. ते दोघे माना डोलावत राहिले, पण मला खिडकीतून कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खुणा करायला लागले. जिंकला की उभी रेघ, हरला की आडवी.

ह्या खुणांना कारण होतं. आमची मुलगी चिपळूणला दिली होती, आदल्या वर्षीच. तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीतच. तिचं माहेर म्हणजे आमचं गावातलं कुलूपबंद घर. मी जाऊन कुलूप काढेपर्यंत तिला माहेर नाही. डोहाळजेवणाला मी पोचले नव्हतेच. नवव्या महिन्यात तिला घरी आणायची, असं तिच्या सासूबाईंना मी पत्रातून कळवलं होतं. डॉक्टर म्हणत होते दिवाळीच्या आसपास. सासूबाईंचा हिशेब दसऱ्याच्या आधीचा होता.

एकटी मी कधी विमानात बसले नव्हते. मुंबईला उतरून पुढे चिपळूणची गाडी पकडणं हे माझ्याच्याने झालं नसतं, निदान तेव्हा मला तसंच वाटे. ह्यांना रजा मिळाली की दोघांची तिकिटं कंपनीच काढून देई. म्हणजे एका कागदावर साहेबाची सही, एवढंच काम होतं.

पण कारखान्यात आपल्या लोकांनी एक नियम करून ठेवला होता. कधीतरी साहेबाचा संघ जिंकला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वेल्डरला मुलाच्या आजारपणासाठी दुपारीच घरी सोडलं होतं. आणि कधीतरी हरला होता, तेव्हा साहेबाने मालवणच्या फिटरला बसवलेला पंप पुन्हा खोलायला लावला होता. एवढ्या दोन गोष्टींवरून नियम झाला. संघ जिंकला की कागद पुढे करायचा, हरला की मान खाली घालून काम करायचं. सगळे तो पाळत. रजा, ओव्हरटाइम, तिथे काम करण्याच्या पासच्या मुदतीचे कागद, सगळं जिंकण्याच्या दिवसावर. हेही पाळत.

दीड दिवसाचे गणपती झाल्यावर मी विषय काढला. हे म्हणाले, अगं, सध्या दीड सामन्याने मागे आहे, जरा वर येऊ दे. दोन दिवसांनी संघ जिंकला. मी रात्रीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. तर सकाळी म्हणाले, एक दिवस थांबू, आज पुन्हा जिंकला तर पहिला येतो, मग साहेब आपणहून विचारेल काय हवं म्हणून. त्या संध्याकाळी हरला. पुढे सलग तीन दिवस हरला.

त्या दिवसांत बाहेर धूर होता. शेजारच्या देशात जंगलं पेटवलेली, त्याचा धूर वाऱ्याबरोबर इकडे यायचा. समोरचे ब्लॉक दिसेनासे झाले होते. कपडे आत वाळवायचे, खिडक्या लावून घ्यायच्या, आणि तरी घसा खवखवायचा. साहेब मात्र त्या धुरातही गॅलरीत बसे. शेजारची चिनी आँटी जाताना मला खिडकीतून विचारी, तिकडच्या पद्धतीने शेवटी लाह लावून, तुझा जपानी आज पण हरला काय, लाह? मी मान हलवी. पाच माणसांचं रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची, आणि कान सगळा वेळ त्या न कळणाऱ्या भाषेकडे. अंग दुखण्याइतकं काम नसे त्यात, पण रात्री पाठ टेकली की उठवत नसे.

चौथ्या दिवशी मी देव पाण्यात ठेवले. माझ्याकडे बोटभर पितळी बाळकृष्ण होता, तो तांब्याच्या गडूत. आमच्याकडे काम अडलं की असं करतात, काम होईपर्यंत देव पाण्यात. हे आंघोळ करून देवापाशी आले आणि बघतच राहिले.

"कशासाठी?"

"साहेबाचा संघ जिंकू दे म्हणून."

"अगं, देवाला संघाचं नाव तरी सांगितलंस का?"

नाव मला उच्चारता येत नव्हतं. मी देवाला साहेबाचा संघ एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी ही गोष्ट ह्यांनी फिटरांना सांगितली. मालवणचा म्हणाला, "वहिनी, समोरच्या संघाच्या बायकांनीपण त्यांचे देव बुडवले असतील तर काय करायचं?" गुहागरचा म्हणाला, मग ज्याचा देव जास्त दम धरील तो जिंकेल. मला राग आला नाही. ते दोघेही वर्ष-दीड वर्षात घरी गेलेले नव्हते आणि दोघांचेही कागद खिशात होते.

आणि मग संघ जिंकायला लागला. एक, दोन, तीन, ओळीने पाच. साहेब मधूनच शीळ घालू लागला. रेडिओतला ढोल वाजला की स्टुलावर बोटं आपटी. पाचव्या दिवशी संघ पहिला आला, अर्ध्या काडीने. दुसऱ्या दिवशी दोन्ही फिटरांनी आपले कागद पुढे केले आणि दोघांनाही वर्षअखेरच्या रजेवर सही मिळाली.

ह्यांनी केला नाही. कारण तोवर पितृपक्ष लागला होता.

त्यावर आमच्याकडे जेवताना बरीच चर्चा झाली. गुहागरचा म्हणाला, फोरमनसाहेब, रजेच्या कागदाला कसला आलाय पितृपक्ष, आम्ही नाही का दिला? हे म्हणाले, तुमची नुसती रजा आहे, हे पहिलं बाळंतपण आहे. पितरांच्या पंधरवड्यात त्याचा विषय काढायचा, वर सही घ्यायची, आणि उद्या काही वेडंवाकडं झालं तर? मालवणच्याने लगेच भाताकडे हात वळवला. वेडंवाकडं हा शब्द उच्चारल्यावर कोण काय बोलणार. "पंधरवडा सरू दे," हे म्हणाले. "संघ आता वर आलाय, कुठे जात नाही."

इथे मला खोटं लिहायचं नाही. मीही काही बोलले नाही, आणि नुसती भीड म्हणून नाही. मला ते पटलं होतं. माझ्या आईनेही त्या दिवसांत साधा पाळणा माळ्यावरून काढू दिला नसता. मी दिनदर्शिकेवर उभ्या रेघा ओढत राहिले आणि सर्वपित्री अमावस्येची वाट बघत राहिले. त्या पंधरा दिवसांत संघ दहा वेळा तरी जिंकला असेल. साहेबाचे एवढे चांगले दिवस त्या वर्षी पुन्हा आले नाहीत. त्याचा चांगला दिवस आणि आमचा चांगला दिवस काही एका दिवशी येईना.

घटस्थापनेला मी देव पाण्यातून काढून पूजेत ठेवले. हे नवा शर्ट घालून, कागद खिशात घालून गेले. आदल्या संध्याकाळी निकाल ऐकायचा राहिला होता, कारण सामना उशिरापर्यंत चालला आणि साहेब मध्येच उठून गेला होता. कारखान्यात गेल्यावर कळलं, हरला. कागद तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही हरला. आता दोन संघ अगदी बरोबरीत आले होते आणि मोजके सामने उरले होते.

त्यानंतर मुलीचा फोन आला. चिपळूणच्या बूथवरून, जावयाने लावून दिलेला. फोनवर ती नेहमी घाईघाईत बोले, कारण तिथल्या मीटरचे आकडे तिला समोर दिसत. त्या दिवशी ती हळू बोलत होती. म्हणाली, पाय सुजलेत, बाकी बरी आहे. मग म्हणाली, "आई, सासूबाई विचारतायत, नेणार आहात की इथेच होऊ द्यायचं? तसं सांग म्हणजे ते तयारी करतील."

मी म्हटलं, नेणार. येतेच मी.

"कधी?"

मी सांगितलं, बाबांची रजा होते आहे. फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघत होते. मी पीठ मळायला घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी सामना ऐकवत होते. त्यात साहेबाचा संघ शेवटच्या डावापर्यंत एका धावेने पुढे होता. मी गॅस बंद करून खिडकीशी उभी राहिले. मग रेडिओतल्या माणसाचा आवाज चढला, आणि चढतच गेला, आणि तुताऱ्या वाजल्या, पण त्या समोरच्या संघाच्या होत्या. तेवढं मला आता ओळखू येत होतं. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. फिटर आत येऊन मुकाट पानावर बसले. ह्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, त्याला आज चहा दे, जेवायचं विचारू नको.

मी चहा घेऊन बाहेर गेले. कप मांडणीवर ठेवला. परत वळायला हवं होतं, ते झालं नाही. बाजारात ऐकून ऐकून जेवढं इंग्रजी आलं होतं तेवढंच माझ्याकडे होतं.

"सर," मी म्हटलं, "माय डॉटर. फर्स्ट बेबी. मदर मस्ट गो."

त्याने वर बघितलं. इतक्या महिन्यांत मी त्याच्याशी बोललेले पहिलेच शब्द होते ते. दारातून हे घाईने पुढे आले आणि म्हणाले, नो नो सर, लेटर, लेटर. साहेबाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, बेबी कधी? डॉक्टर आणि सासूबाई यांच्या हिशेबांच्या मधलं काहीतरी धरून मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा दिवस. मग तो ह्यांच्याकडे वळला.

"व्हाय यू नॉट टेल?"

ह्यांनी रेडिओकडे बोट केलं. म्हणाले, बेसबॉल, सर. यू लूज, वी नॉट आस्क. साहेबाला आधी कळलं नाही. मग कळलं. मला वाटलं हसेल, पण तो हसला नाही. त्याने रेडिओ बंद केला. मग सावकाश, ह्यांना समजेल असं सांगितलं की रजेची यादी त्याने जुलैमध्येच भिंतीवर लावली होती. सगळ्यांनी आपापले दिवस लिहायचे होते. ह्यांची ओळ कोरी राहिली, तेव्हा त्याला वाटलं, ह्याला घरी जायचं नसेल. तो स्वतःही दोन वर्षं गेला नव्हता, म्हणून त्याने विचारलं नाही.

त्याने तिथेच मांडणीवर कागद ठेवून सही केली. आत फिटरांची जेवणं थांबली होती.

शनिवारी शेवटचा सामना होता. साहेब आला नाही, आम्ही बॅगा भरत होतो. सोमवारची तिकिटं मिळाली. विमानतळावर ह्यांनी सांगितलं, साहेबाचा संघ एका सामन्याने दुसरा आला. मी विचारलं, साहेब कसा होता? म्हणाले, नेहमीसारखाच. तिकिटांचं पाकीट आपल्या हाताने आणून दिलं.

मंगळवारी दुपारी आम्ही चिपळूणला पोचलो. सरळ मुलीच्या घरी गेलो, तर दारात तिचे सासरे होते. दवाखान्यात आहे म्हणाले, काल पहाटे झाली, मुलगी. सासूबाईंचा हिशेब बरोबर होता.

दवाखान्यात सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. उठून त्यांनी मला जागा दिली आणि म्हणाल्या, या, आजी झालात. दुसरं काही त्या बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बाळ त्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. मी माझी मऊ लुगडी बॅगेत आणली होती. मुलीचा चेहरा पिवळा पडला होता. मी केसांवरून हात फिरवला तशी ती म्हणाली, "परवा रात्रभर मी दाराकडे बघत होते. वाटलं, गाडी उशिरा आली असेल."

मी तिचे पाय चेपायला घेतले. सूज अजून होती.

मग तिने विचारलं, "साहेबाने रजा दिली नाही का?"

हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, मागच्या बोळातली भिंत होती.

"लवकर नाही दिली गं," मी म्हटलं.

त्या एका वाक्याने सगळं सोपं झालं. सासूबाईंनी लगेच साहेबाला नावं ठेवली, परमुलखात चाकरी म्हणजे असंच, माणसाला माणूस समजत नाहीत. सासरे म्हणाले, जपानी फार कडक. जावई म्हणाला, मामंजी, तुम्ही कसे राहता तिथे? ह्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत ते पसरलं. मुलीने माझा हात धरून ठेवला, माझीच कीव करत असल्यासारखा. मी तेव्हा सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? की कागद तुझ्या बाबांच्या खिशात महिनाभर होता, आणि आम्ही जपानातल्या एका चेंडूच्या खेळाची आणि पितरांची वाट बघत होतो?

तिला दवाखान्यातून आमच्या घरी आणली. कुलूप काढलं, जाळी झाडली, चूल पेटवली. हे त्यांची रजा संपल्यावर परत गेले. मी मागे राहून सव्वा महिना बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घातलं. तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. काम मला अवघड नव्हतं. पण ती एक पहाट काही परत करता येत नव्हती.

माझ्या परतीच्या वेळी ह्यांच्या ओळखीचं एक कुटुंब त्याच विमानाने येत होतं, त्यांच्या सोबतीने मी सिंगापूरला परत आले. आल्यावर साहेबाने एक चपटा खोका दिला. आत पातळ सुती कापडाचं, बाजूला बंद असलेलं बाळाचं झबलं होतं, इतकं मऊ की माझ्या खरखरीत बोटांना अडकत होतं. त्याने ते जपानहून बायकोकडून मागवून घेतलं होतं. पुढे मालवणचा फिटर रजेवर निघाला, त्याच्याबरोबर मी ते चिपळूणला पाठवलं.

महिन्याभराने मुलीचं पत्र आलं. बाळ हसायला लागलं, उपडं व्हायला बघतं, असं सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, झबलं मिळालं, पण घातलं नाही. ज्याने माझ्या आईला वेळेवर सोडलं नाही, त्याचं कापड माझ्या मुलीच्या अंगाला नको. कामवालीच्या बाळाला देऊन टाकलं.

त्याच आठवड्यात साहेब जेवायला आला. सामने संपले होते, रेडिओ आणला नव्हता, आणि त्या दिवशी प्रथमच तो आत येऊन पाटावर बसला. मी वाढत होते. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बेबी ड्रेस, गुड?"

हे पानात बघत राहिले.

"गुड, सर," मी म्हटलं, आणि त्याला बांगड्याचा अजून एक तुकडा वाढला.